राखून ठेवलेले शेवट

६ फेब्रुवारी
दुकानातून, सकाळी

चि. बटण यास,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं मजेत आहोत. तू मजेत नाहीस, असं तुझ्या आईचं म्हणणं आहे. परवा दुपारच्या बातम्यांत तुझा आवाज नाकातून येत होता म्हणे. मला काही जाणवलं नाही, मला तू नेहमीसारखाच सगळ्या देशाचा भार डोक्यावर घेतल्यासारखा वाटलास. पण तिने हात वर केला आणि म्हणाली, "सर्दी झालीय त्याला. अंगावर काढतोय." तेव्हा वाफ घे आणि मला कळव, म्हणजे मी तिला कळवीन. ती स्वतः विचारणार नाही हे तुला ठाऊक आहे, तू स्वतःहून सांगणार नाहीस हे तिला ठाऊक आहे. मधल्यामध्ये माझा पोस्टमन झालाय.

रेडिओ अजून तिथेच आहे, कापड बेतायच्या टेबलावरच्या फळीवर. बातम्यांच्या वेळी ती वरून खाली येते, स्टुलावर बसते, आणि तेवढा वेळ मशीन चालवायची मला बंदी असते. गिऱ्हाईक आलं तरी त्याने उभं राहायचं, मापसुद्धा द्यायचं नाही. एकदा मी विचारलं, काय सांगितलं आज बातम्यांत? म्हणाली, "काय माहीत. आवाज बरा होता."

लोक तुला एवढ्या आदराने ऐकतात आणि मी अजून बटण म्हणतो याचा राग मानू नकोस. माझ्या कोटाचं बटण तू तिसऱ्या वर्षी गिळलंस, ते मला अजून परत मिळालेलं नाही.

आता पत्र का लिहितोय ते सांगतो. गेल्या आठवड्यात एका मासिकाची मुलगी आली होती. कवी घरी काय वाचतात, असा काहीतरी अंक काढताहेत. तुझी आई खिडकीपाशी ताठ बसली आणि तीन जाडजूड पुस्तकांची नावं अशी घडाघडा सांगितली की मी थक्क झालो. मी कोपऱ्यात एका पँटची खालची पट्टी दुमडत बसलो होतो. दोरा तोडायचा सोडून जीभ चावली. कारण त्यातलं एक पुस्तक गेली कित्येक वर्षं माझ्या टेबलाच्या आखूड पायाखाली आहे. ते काढलं तर गावातले सगळे कोट एका बाजूला झुकतील.

मुलगी गेल्यावर मी म्हटलं, "कवयित्रीबाई, किती खोटं बोलाल?"

तर म्हणाली, "काय वाचता असं विचारणं म्हणजे आतले कपडे कुठल्या रंगाचे आहेत ते विचारणं."

मी पुन्हा पँटची पट्टी दुमडायला घेतली.  पण खरं माझ्या पोटात राहीना. म्हटलं, त्या मुलीला नाही तर निदान तुला तरी सांगावं. तू त्याच घरात वाढलास, पण मुलं आईबापांकडे बघत कुठे असतात.

तर ऐक. तुझ्या आईला हाताला लागेल ते वाचायचं वेड आहे. बटणं ज्या कागदात बांधून येतात तो कागद मी फेकला तर घरात भांडण होतं. औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली बारीक अक्षरांची चिठ्ठी ती कादंबरीसारखी वाचते, आणि मग मला न झालेल्या रोगांची लक्षणं जेवताना सांगते. मशीनबरोबर आलेलं माहितीपत्रक तिला तोंडपाठ आहे. खाली माझं मशीन अडलं की वरून ओरडते, "बॉबिन उलटी बसवलीत!" आणि बसवलेली असते, हे जास्त लागतं.

वाईट पुस्तक ती टेबलाशी बसून पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचते. एक ओळ सोडत नाही. मी एकदा म्हटलं, एवढं टुकार आहे तर ठेव की बाजूला. म्हणाली, "चांगल्यावर थोडा अन्याय केला तर त्याला सोसतो. वाईटावर नाही करायचा."

कविता मात्र ती उभ्याने वाचते. खिडकीशी उभं राहायचं, एक कविता, बस. पुस्तक मिटायचं आणि तडक जाऊन भांडी घासायची. भांड्यांच्या आवाजावरून मला कळतं कविता कशी होती. जोरात आदळली तर बेकार. अगदी आवाजच नाही आला, तर मी त्या दिवशी चहा स्वतःचा स्वतः करून घेतो.

आणि सगळ्यांत मोठं गुपित म्हणजे खुनाच्या कादंबऱ्या. अस्तराच्या ताग्यांमागे ढीग आहे. दोन बक्षिसं मिळालेली बाई, आणि अस्तरामागे रक्तबंबाळ मुखपृष्ठं! मला त्यांतलं काही कळत नाही, पण मधून मधून विचारतो, खून कोणी केला? दर वेळी एकच उत्तर, "मला काय ठाऊक." मला वाटायचं, सांगायचं नसेल. असेल बाबा गंमत.

पूर्वी ती पुटपुटत वाचायची, आठवतं ना? वर दार लोटून बसली की खाली दुकानापर्यंत गुणगुण ऐकू यायची. ती सवय पुढे गेली. तू शिकायला बाहेर गेलास त्या सुमारास कधीतरी.

हल्ली मीच तिला वाचून दाखवतो. तिला कंटाळा येतो. माझं वाचन तुला माहीत आहे, उलटी टीप घातल्यासारखं, दोन शब्द पुढे आणि एक मागे. पण ती ऐकून घेते. काळजीचं काही नाही.

बाकी सगळं ठीक. जिना तेवढा दुरुस्त करायचा आहे, तिसरी पायरी अजून कुरकुरते. तुझ्या त्या पुस्तकाचं पुढे... असो. जमलं तर दोन ओळी लिही. नाहीच जमलं तर बातम्या आहेतच.

तुझा,
बाबा


२१ फेब्रुवारी
दुकानातून, दुपारी

चि. बटण यास,

अनेक आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. सर्दी गेली हे वाचून बरं वाटलं, तिलाही सांगितलं. "मला कळलं होतंच मंगळवारी," म्हणाली.

कार्डावर तू दुसरी ओळ लिहिलीस. "बाबा, तुम्ही आईला वाचून का दाखवता?" तू बातम्या वाचणारा माणूस, कुठल्या वाक्याखाली काय दडलंय ते तुला बरोबर सापडतं. मी आपला शिवण झाकायला वरून पट्टी लावली होती. उसवलीस.

आईची नजर जातेय.

हे लिहायला मला सकाळपासून दुपार झाली. मधे दोन शर्टांना काजं केली.

सुरुवात सुईपासून झाली. गेली कित्येक वर्षं सुया तीच ओवून देते, माझे डोळे आधीच अधू. सकाळी उशीला दहा-बारा ओवलेल्या सुया टोचून ठेवायची आणि मगच वर लिहायला जायची. एक दिवस पाहिलं तर दोरे सुईच्या शेजारून गेलेले. दोरा आहे, सुई आहे, दोघांची गाठ नाही.   आठवडाभर आम्ही दोघंही अळीमिळी गुपचिळी करून बसलो, आणि मी नव्या सुया आणायच्या निमित्ताने बाहेर जाऊन कोणाकडून तरी सुया ओवून घेऊन यायचो. शेवटी तीच म्हणाली, "चला, डॉक्टरकडे."

डॉक्टर म्हणाले, नजरेच्या मधोमध डाग पडलाय, तो वाढत जाणार. पूर्ण अंधार नाही होणार. चालेल, फिरेल, जिना उतरेल. पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच नाहीसं होणार. वाचन गेलंच म्हणायचं. बाहेर आल्यावर ती फुटपाथवर उभी राहून माझ्या कानाकडे बघायला लागली. मी म्हटलं, काय झालं? म्हणाली, "तुमचा चेहरा बघतेय. चेहरा बघायचा तर आता कानाकडे बघावं लागतं." आणि हसली. मला हसता आलं नाही रे. मी रस्ता ओलांडायचं नाटक केलं.

तिने मला तुला कळवायची बंदी केली होती. "दया म्हणून यायला नको तो," म्हणाली. त्यामुळे हे पत्र तिच्या नकळत आहे.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. घरी आल्यावर तिने पहिलं काम काय सांगितलं, तर म्हणाली, "ज्या पुस्तकांत कतरण आहे ती सगळी खाली काढा." तू पाहिलं असशील, ती खुणेला माझ्या दुकानातली कतरण, बेतून उरलेल्या कापडाची पट्टी, घालते. मी शिडी लावून काढायला लागलो. टेबलभर ढीग झाला. म्हटलं, एवढी पुस्तकं अर्धवट टाकलीस? आणि मग मी बघायला लागलो. सगळ्यांत कतरण शेवटाच्या अलीकडेच. कुठे एक प्रकरण राहिलेलं, कुठे चार पानं. आणि फळीवर बिनकतरणीची उरली ती कुठली? सभेत भेट मिळालेली, लेखकांनी स्वतःच्या सह्या ठोकून दिलेली, जी वाचताना ती नाक मुरडायची ती सगळी.

मी विचारलं, "हे काय आहे?"

"ही आवडलेली," ती म्हणाली. "शेवट वाचला की माणसं निघून जातात. म्हणून राखून ठेवलेत."

बटण, मी तिथेच शिडीच्या खालच्या पायरीवर बसलो. संसाराची एवढी वर्षं मी अशा बाईबरोबर राहतोय जिच्या घरात पन्नासेक खुनी मोकळे फिरताहेत आणि तिला एकही पकडायचा नाही.

आता नजर जातेय म्हणून ती एकेक शेवट उरकून घेतेय. मी वाचतो, ती डोळे मिटून ऐकते. पहिल्याच कादंबरीत खून डॉक्टरच्या बहिणीने केला होता. तुझी आई कितीतरी वर्षं बागेतल्या माळ्यावर संशय धरून होती. ऐकल्यावर म्हणाली, "माळ्याची माफी मागायला हवी." मी थट्टा करणार होतो, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. एकेक जण उठून चाललाय ना घरातून.

ढिगात तुझी कादंबरी होती.

मी ती हातात घेतली आणि मला ती सकाळ आठवली. पुस्तक येऊन दोन महिने झाले होते, तू आला होतास, आई काही बोलते का म्हणून घरभर तिच्या मागे मागे फिरत होतास. आणि मग तुला फळीवर ते सापडलं, शेवटच्या प्रकरणाआधी कतरण घातलेलं. तू म्हणालास, "तुला संपवावंसंही नाही वाटलं?" ती म्हणाली, "नाही." तू म्हणालास, "चिंधी घालून ठेवलीस." आणि बॅग उचललीस. त्यानंतर तुझी कार्डं येतात, तू येत नाहीस.

तिने त्या दिवशी खरं तेच सांगितलं, बटण. तिला नव्हतं वाटत संपवावंसं. तुला जे ऐकू आलं ते ती बोललीच नव्हती.

मी म्हटलं, हेही वाचू का? तिने पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं. हाताने चाचपून कतरण जागेवर आहे ना ते पाहिलं. आणि म्हणाली, "हे नको. यात तो मुलगा पायरीवर बसलाय, आईच्या बंद दाराबाहेर. तो बसलाय तोवर मला माहीत आहे तो कुठे आहे."

आता माझी चोरी सांगतो. तुझं पुस्तक मी तेव्हा वाचलं नव्हतं. शिंपी कुठे येतो तेवढं चाळलं होतं. तिसऱ्या प्रकरणात येतो, दोन वाक्यं बोलतो, गळ्यात टेप आहे. बाप बरा निघालाय एवढं बघून मिटून ठेवलं. पण काल आई झोपली असताना दुकानाला अर्धं शटर लावलं, ट्रायलच्या पडद्यामागे स्टूल नेलं आणि ते शेवटचं प्रकरण वाचलं.

तो मुलगा मोठा होऊन परत येतो. त्याच पायरीवर बसतो. दाराची चौकट चाचपतो आणि त्याला कळतं, की कडी नाहीच. नुसती स्क्रूची जुनी भोकं. दार कधी बंद नव्हतंच. आणि मग तू लिहिलंयस की तो ढकलत नव्हता, कारण आतून आई पुटपुटत वाचत असायची आणि त्याला ते ऐकायचं असायचं. दार उघडलं असतं तर आवाज थांबला असता.

ती कडी मी काढली होती. तू रांगायला लागलास तेव्हा, आतून लावून घेशील म्हणून. खाली माल ठेवायच्या खोलीला बसवली, अजून तिथेच आहे.

म्हणजे सगळं पुस्तकभर लोकांना वाटत राहतं की मुलगा आईवर रागावलाय, गावातल्या चार माणसांनी तसं तिला तोंडावर विचारलंही. आणि तुला तिला जे सांगायचं होतं ते तू शेवटच्या प्रकरणात ठेवलंस. आणि ती एक अशी बाई, की जीव लागला की शेवटचं प्रकरण वाचायचंच नाही! तू दोन महिने वाट बघत होतास की ती त्याबद्दल काहीतरी बोलेल. ती काय बोलणार? ती तुला पायरीवर बसवून सांभाळत बसली होती.

तुम्हा दोघांपुढे मी हात टेकले.

तिला सांगून टाकावं असं काल दहादा ओठांवर आलं. नाही सांगितलं. तू शिवलेलं मी कसं उसवू? ते तुझ्या हातूनच उलगडायला हवं. दया म्हणून येऊ नकोस, तिला खपणार नाही. शेवटचं प्रकरण वाचायचं राहिलंय म्हणून ये. मी वाचलं तर दोन शब्द पुढे आणि एक मागे होईल.

उत्तर दुकानाच्या पत्त्यावर टाक.

वाट बघणारा,
बाबा


३ मार्च
वरच्या खोलीतून

बटणा,

हे पत्र मी सांगतेय आणि तुझे बाबा लिहिताहेत. त्यांना ताकीद दिलीय की मी बोलेन तेच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही.

(मी काही घालत नाही.)

परवाच्या दुपारच्या बातम्या संपत आल्या होत्या. तू हवामान सांगत होतास. "उद्या आकाश" एवढं म्हणालास आणि थांबलास. मी जन्मात तुला असं थांबलेलं ऐकलं नव्हतं. मग "अंशतः ढगाळ" म्हणालास, पण तो आवाज रेडिओवरचा नव्हता, तो आपल्या जिन्यावरचा होता. मी तुझ्या बाबांकडे वळले आणि विचारलं, "काय कळवलंत त्याला?"

हे गृहस्थ आठवडाभर माझ्याकडे असे बघत होते, जसे आपल्या हातून कोट बिघडलेल्या गिऱ्हाईकाकडे बघतात. बघत होते म्हणजे मला नीट दिसत नाही, पण मशीन सारखं बंद पडत होतं. मशीन बंद असलं की हे काहीतरी लपवत असतात. मी दरडावलं तेव्हा पत्र लिहिल्याचं कबूल केलं. डोळ्यांचं सांगितलं, कतरणींचं सांगितलं, तेही कबूल केलं. आणि तुझं शेवटचं प्रकरण पडद्यामागे बसून चोरून वाचलं, तेही. त्यात काय आहे ते मात्र सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

(खरंच सांगितलं नाही.)

तर डोळ्यांचं. तू घाबरू नकोस. मी फार घाबरले नाही. थोडी घाबरले. मला शब्दाच्या आजूबाजूचं सगळं दिसतं, तो शब्द तेवढा दिसत नाही. आयुष्यभर कविता लिहिताना हेच तर होत होतं.

कतरणींचं. तू विचारलंस तेव्हा मी एका शब्दात उत्तर दिलं, आणि पुढे काही बोलायला तू थांबला नाहीस. मी मागून हाक मारायला हवी होती. नाही मारली. मला वाटलं, माझा मुलगा आहे, त्याला आपसूक कळेल. एवढ्या शहाण्या बाईला असं वेड्यासारखं वाटावं, याचं मलाच आश्चर्य वाटतं. पुस्तक चांगलं आहे. सुरुवातीला थोडं अंगावर येतं, आणि आई जरा जास्त उंच केलीयस. पण चांगलं आहे. मी शेवटाच्या आधीपर्यंत ते तीनदा वाचलंय, आणि तीनदा तिथेच थांबलेय.

एक गोष्ट तेवढी मला तुला पहिल्यापासून सांगायची होती, पण तू कादंबरीत ते दार बंद लिहिलंयस, आणि लेखकाला असं सांगू नये म्हणून गप्प राहिले. आता सांगते. त्या दाराला कडी नव्हती रे. तुला आठवतं तेव्हापासून कधीच नव्हती. तू ढकललं का नाहीस?

(इथे मी पेन खाली ठेवलं. ती विचारते, का थांबलात? मी म्हटलं, शाई संपली.)

तू बाहेर आहेस हे मला माहीत असायचं. तिसरी पायरी वाजायची. मग मी हातातलं सगळं बाजूला ठेवायचे आणि मोठ्याने वाचायला घ्यायचे. मला काय मनात वाचता येत नाही? पण मोठ्याने वाचलं की तू उठून जायचा नाहीस. मला वाटायचं, आज ढकलेल, आज आत येईल. आणि भीतीही वाटायची, की मी उठून दार उघडलं तर तू पळून जाशील. म्हणून वाचत राहायचे. तू शिकायला गेलास, पायरी वाजायची थांबली, मग कोणासाठी मोठ्याने वाचणार?

(मी काही बोललो नाही तिला. शप्पथ. हे तिचं तिनेच सांगितलं. तुझ्या कादंबरीतलं वाक्य आणि हिचं वाक्य एकाच कापडातून बेतलंय आणि दोघांनी एकमेकांना दाखवलेलं नाही. मला डोळे पुसायला उठावं लागलं. ही विचारते, शाई आणायला एवढा वेळ?)

ये, आणि ते प्रकरण तू मला वाचून दाखव. मला दुसऱ्या कोणाकडून ते ऐकायचं नाही. रेडिओवरचा आवाज घेऊन येऊ नकोस, त्या आवाजाने मला सगळ्या बातम्या खऱ्या वाटतात. तुझा घरचा आवाज आण. सर्दीतला असला तरी चालेल.

एक अट आहे. शेवटचं पान वाचायचं नाही. तिथे कतरण घालायची. ते पुढच्या खेपेला, आणि पुढच्या खेपेला आपण ठरवू की वाचायचं का आणखी राखून ठेवायचं. बाकीच्या पुस्तकांतली माणसं मी जाऊ दिली. तुझ्या पुस्तकातल्या कोणालाही मी सोडणार नाही.

आणि जिना दुरुस्त करायचा नाही असं मी तुझ्या बाबांना बजावलंय.

(नाही करत. खालची सही ती स्वतः करतेय. ओळ सोडून बरीच वर गेली आहे. मी तिला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.)

तिसरी पायरी वाजली की मी वाचायला लागेन. दिसत नाही, पण पाठ पुष्कळ आहे. तू मात्र या वेळी ऐकत बसू नकोस. ढकल.

आत बसलेली,
आई